‘आधी अँटिव्हायरस बंद करा’

इंदूरच्या दक्षिण तुकोगंजात, आरएनटी मार्गावर, घरचा पीसी काखोटीला मारून दुरुस्तीला येणारे रोज दिसतात. पुण्यातल्या अशाच एका दुरुस्तीच्या दुकानात, गिऱ्हाइकांची बाधित यंत्रं साफ करता करता, कैलास आणि संजय काटकर या भावांनी १९९०च्या दशकात ‘क्विक हील’ हे अँटिव्हायरस घडवलं.

कितीही चांगलं अँटिव्हायरस असलं, तरी विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवून देणाऱ्या ‘क्रॅक’पुढे ते हरतं. कारण सोबतच्या सूचनेत बहुधा पहिलीच ओळ असते: आधी अँटिव्हायरस बंद करा. म्हणजे चोरासाठी आपणच कडी काढायची! २०१८च्या सुमारास पसरू लागलेलं ‘स्टॉप’ रॅन्समवेअर याच वाटेने घराघरांत शिरलं. लग्नाचे फोटो, मुलांचे प्रकल्प, सगळ्यांना कुलूप. शेजारी खंडणीची चिठ्ठी: ९८० डॉलर, ७२ तासांत दिले तर निम्मे.

असं झालं तर पैसे भरू नयेत, आधी इंटरनेट तोडावं.

अशी वेळ येण्याआधीच फोटोंची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि काम झालं की ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिली तर तिच्यावरही कुलूप पडतं. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर सफाईची साधनं मोफत मिळतात. खात्यातून पैसे गेले, तर लगेच १९३० हा मदत क्रमांक फिरवावा.