मुक्त विद्यापीठ आणि नाशिककरांचें कर्तव्य

विद्यापीठ म्हटलें कीं आमच्या लोकांच्या डोळ्यांपुढें प्रथम इमारत उभी राहते. उंच मनोरा, दगडी कमानी, काळे झगे घातलेले पदवीधर आणि दारावर पहारेकरी, ही मूर्ति मुंबईच्या राजाबाई मनोऱ्यानें आमच्या मनांत एकदां जी ठसविली ती अद्याप पुसली गेलेली नाहीं. यामुळेंच कीं काय, नाशकास परगांवचा पाहुणा आला असतां आम्ही त्यास रामकुंड दाखवितों, काळारामाच्या देवळांत नेतों, पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढवितों. परंतु गंगापूर रस्त्यानें गोवर्धन गांवापर्यंत नेऊन 'हें आमच्या गांवचें विद्यापीठ' असें अभिमानानें सांगणारा गृहस्थ शंभरांत एखादाच. आणि कोणी सांगितलेंच, तर पाहुण्याचा पहिला प्रश्न ठरलेला: 'पण येथें विद्यार्थी कोठें आहेत?' या प्रश्नाचें उत्तर ज्यास देतां आलें त्यास यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचें मर्म कळलें असें समजावें. विद्यार्थी तेथें नाहींत, ते आपआपल्या कामावर आहेत. आणि हीच त्या विद्यापीठाची थोरवी आहे.

या विद्यापीठाविषयीं आमच्या सुशिक्षित वर्गांत जी उदासीनता, किंबहुना जो तुच्छतेचा भाव दिसून येतो, तो आम्हांस अन्यायाचा व अविचाराचा वाटतो. लग्नाच्या वाटाघाटींत, नोकरीच्या मुलाखतींत किंवा पेढीवरच्या गप्पांत 'मुक्तची पदवी' हे शब्द ज्या सुरांत उच्चारले जातात तो सूर सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याचें खंडन करावयाचें तर हें विद्यापीठ कां निघालें, कसें निघालें आणि त्यानें कोणासाठीं काय केलें, हा वृत्तांत वाचकांपुढें ठेवणें अवश्य आहे.

नाशिक हें विद्येचें जुनें पीठ, असें आपण म्हणत आलों आहों, व तें खोटें नव्हे. पंचवटींत वेदाध्ययनाची परंपरा मोठी आहे. परंतु ती विद्या कोणास मिळे आणि कोणास मिळत नसे, हें सांगण्याची गरज नाहीं. अर्वाचीन विद्येची सोय म्हणून १८४० सालीं येथें ग्रंथालय निघालें, तेंच आजचें सार्वजनिक वाचनालय. म्हणजे १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वीं सतरा वर्षें नाशकांत वाचनाची सोय होती. परंतु ग्रंथालय आहे आणि महाविद्यालय नाहीं, अशी स्थिति त्यानंतर चौऱ्याऐंशी वर्षें राहिली. ज्यास पुढें शिकावयाचें त्यानें पुण्यास किंवा मुंबईस बिऱ्हाड करावें, आणि ज्याच्या गांठीस पैसा नाहीं त्यानें मॅट्रिकवर समाधान मानावें, असा तो काळ होता. १९१४ सालीं बहुजनसमाजाच्या शिक्षणासाठीं मराठा विद्या प्रसारक समाज निघाला. १९१८ सालीं मुंबईस स्थापन झालेल्या गोखले एज्युकेशन सोसायटीनें १९२४ सालीं येथें महाविद्यालय काढलें. तेंच पुढें हंसराज प्रागजी ठाकरसी यांच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें, आणि ज्या रस्त्यावर तें उभें आहे तो आज सर्वांच्या तोंडीं 'कॉलेज रोड' झाला आहे. कुसुमाग्रज याच महाविद्यालयाचे विद्यार्थी.

हें सर्व भूषणास्पद खरें. तथापि या सर्व संस्थांस एक मर्यादा होती. वर्ग भरे तो दिवसा. त्यांत बसावयाचें तर हातांतलें काम सोडावें लागे. १९४९ सालीं पुणें विद्यापीठ सुरूं झालें आणि नाशिकचीं महाविद्यालयें मुंबईकडून पुण्याकडे गेलीं. पुढें १९९० सालीं जळगांवास उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालें, तेव्हांही नाशिक पुण्याकडेच राहिलें. परंतु सत्ता मुंबईची असो वा पुण्याची, दिवसभर दुकानाच्या गादीवर किंवा कारखान्याच्या यंत्रावर बसणाऱ्यास त्याचें सुखदुःख काय? बहिःस्थ विद्यार्थी म्हणून परीक्षेस बसण्याची सवलत त्यास असे. पण सवलत ती परीक्षेची, शिक्षणाची नव्हे. पुस्तक कोणतें वाचावें, अडलें तर विचारावें कोणास, हें सांगणारा कोणी नसे. पोहतां न येणाऱ्यास नदींत उतरण्याची परवानगी द्यावी आणि तीरावर उभें राहून त्याचे गुण मोजावे, तसाच हा प्रकार होता.

ही उणीव केवळ महाराष्ट्रांतच होती असें नाहीं. इंग्लंडांत १९६९ सालीं मुक्त विद्यापीठ स्थापन झालें तें याच कारणानें. आमच्या देशांत पहिलें पाऊल आंध्र प्रदेशानें १९८२ सालीं टाकलें. १९८५ सालीं दिल्लीस इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ झालें. १९८७ सालीं कोटा व पाटणा येथें तशींच विद्यापीठें निघालीं. आणि महाराष्ट्र विधिमंडळानें केलेल्या १९८९ च्या विसाव्या अधिनियमान्वयें ता. १ जुलै १९८९ रोजीं नाशकास पांचवें निघालें. ज्या राज्यांत जोतीराव फुल्यांनीं ज्ञानाचा अधिकार सर्वांस आहे असें सांगितलें आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनीं 'कमवा व शिका' हा मार्ग घालून दिला, त्या राज्यास असें विद्यापीठ फार पूर्वींच शोभलें असतें. परंतु उशिरां कां होईना, तें झालें.

त्यास यशवंतराव चव्हाणांचें नांव दिलें गेलें हें सर्वथा उचित होय. महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री या नात्यानेंच नव्हे, तर गरिबाच्या मुलास फीच्या अभावीं शाळा सोडावी लागूं नये म्हणून ज्यांच्या कारकीर्दींत फीमाफीची सवलत झाली, त्यांचें हें स्मारक आहे. शिवाय नाशिककरांचा त्यांच्याशीं एक खास ऋणानुबंध आहे. चीनच्या आक्रमणानंतर संरक्षणमंत्री म्हणून ते दिल्लीस गेले, तेव्हां १९६३ सालीं नाशिक मतदारसंघानेंच त्यांस लोकसभेवर बिनविरोध निवडून पाठविलें.

विद्यापीठाचे पहिले कुलगुरु डॉ. राम ताकवले. पदार्थविज्ञानाचे अध्यापक, आणि पूर्वीं पुणें विद्यापीठाचे कुलगुरु राहिलेले हे गृहस्थ. जुन्या चाकोरीच्या विद्यापीठाचा कारभार ज्यानें आंतून पाहिला, त्याच्याच हातीं चाकोरीबाहेरच्या विद्यापीठाचा पाया घालण्याचें काम आलें, हा योग चांगला जुळला. विद्यापीठाच्या आवारास 'ज्ञानगंगोत्री' आणि त्याच्या ब्रीदास 'ज्ञानगंगा घरोघरी' अशीं नांवें आहेत. गोदावरीस 'गंगा' म्हणणाऱ्या नाशिककरांस त्यांचा अर्थ फोडून सांगावयास नको. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गंगा गंगापूरच्या मातीच्या धरणांत सांठते आणि तेथून नळानें घरोघरीं येते. कोणी घागर घेऊन धरणावर जात नाहीं. विद्येचेंही तसेंच व्हावें, असा या विद्यापीठाचा संकल्प आहे, आणि त्याचें स्थान त्याच धरणाजवळ असावें हा केवळ योगायोग असला तरी सुंदर आहे.

आतां या विद्यापीठाचीं खरीं प्रेक्षणीय स्थळें कोणतीं तें सांगतों. तीं गोवर्धनास फारशीं नाहींत. राज्यांत नाशिक, पुणें, मुंबई, कोल्हापूर, नागपूर, अमरावती, औरंगाबाद (आतांचें छत्रपति संभाजीनगर) आणि नांदेड अशीं याचीं आठ विभागीय केंद्रें; त्यांखालीं गांवोगांवच्या शाळा-महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रें. नेहमींचे वर्ग सुटले कीं त्याच बाकांवर सुटीच्या दिवशीं याचे संपर्कवर्ग भरतात. शिक्षक समोर नसतांही वाचून समजावें अशा बेतानें लिहिलेलीं पुस्तकें, आणि तीं मराठींत, हें याचें दुसरें स्थळ. द्राक्षें व कांदे पिकविणाऱ्या या जिल्ह्यांत फळबागेची, भाजीपाल्याची व फुलशेतीची पदविका शेतकऱ्यास त्याच्या भाषेंत घेतां यावी, ही गोष्ट लहान नव्हे. बारावीची पायरी ज्यांची चुकली त्यांच्यासाठीं विद्यापीठानें पूर्वतयारीचा शिक्षणक्रम काढला. संसाराच्या कामांत वीस वर्षें पाटीला हात न लावलेल्या कित्येक स्त्रिया त्या वाटेनें पदवीपर्यंत गेल्या. आमच्या मतें राजाबाई मनोऱ्याहून हें शिल्प अधिक उंच आहे.

येथें दुसऱ्या एका दाराची आठवण करून देणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. ता. २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं याच शहरांत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरूं झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या नाशिकच्या सुपुत्रानें तो पुढें चालविला, तरुण शिरवाडकरही १९३२ सालीं त्यांत सामील झाले. परंतु वर्षामागून वर्षें गेलीं तरी दार उघडलें नाहीं. आणि अखेर ता. १३ आक्टोबर १९३५ रोजीं याच जिल्ह्यांतील येवल्यास बाबासाहेबांनीं धर्मांतराची घोषणा केली. ज्या गांवानें एक दार बंद ठेवून एवढी अपकीर्ति जोडली, त्याच गांवीं पुढें पन्नास-साठ वर्षांनीं ज्यास दारच नाहीं असें विद्यापीठ निघावें, हें आमच्या प्रायश्चित्ताचें साधन होय. आणि तें साधन लाभलें असतां आम्हीं नाकें मुरडावीं काय? आज देवळाच्या दाराशीं कोणी कोणास अडवीत नाहीं. पण पदवीच्या दाराशीं 'ही नेहमींची कीं मुक्तची?' असें विचारून अडविणारे आम्हीच आहों.

यावर कोणी म्हणेल कीं, तिरस्कार जातीचा नसून दर्जाचा आहे. ठीक आहे, मग दर्जाचाच विचार करूं. कायद्याची स्थिति प्रथम पाहिली पाहिजे. मूळ पदवी नसतां मुक्त विद्यापीठांतून थेट मिळविलेली एम. ए. ग्राह्य नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें अण्णामलै विद्यापीठाच्या प्रकरणांत २००९ सालीं दिला आहे. दार मोकळें म्हणजे पायऱ्याच नकोत असें नव्हे, हा त्याचा मथितार्थ, आणि तो आम्हांस मान्य आहे. परंतु त्याच कायद्याची दुसरी बाजू लोक विसरतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीप्रमाणें मान्यताप्राप्त संस्थेची मुक्त वा दूरस्थ मार्गानें घेतलेली पदवी नेहमींच्या मार्गानें घेतलेल्या त्याच दर्जाच्या पदवीच्या बरोबरीची आहे, आणि सप्टेंबर २०२२ मध्यें आयोगानें हें पुन्हां जाहीर रीतीनें बजावलें. म्हणजे कायद्यानें जी समता दिली ती आम्ही व्यवहारांत नाकारतों. ही आमची जुनीच खोड आहे.

राहिला प्रत्यक्ष गुणवत्तेचा प्रश्न. येथें विद्यापीठासही चार शब्द स्पष्ट सांगितले पाहिजेत. ज्या विद्यापीठाचें प्रवेशद्वार रुंद, त्याचें परीक्षेचें दार अरुंदच असलें पाहिजे. आंत येतांना कोणास अडवूं नये. पण बाहेर पडतांना ज्यास विषय येत नाहीं त्यास पदवी देऊं नये. एखाद्या केंद्रांत संपर्कवर्ग कागदावरच भरूं लागले, किंवा परीक्षेच्या खोलींत पर्यवेक्षकानें डोळेझांक केली, तर त्यांत नुकसान होतें तें लबाडाचें नव्हे, तर दिवसभर राबून रात्रीं दिव्याखालीं वाचणाऱ्या प्रामाणिक विद्यार्थ्याचें. त्याच्या पदवीची किंमत दुसऱ्याच्या लबाडीनें उतरते. खोटें नाणें बाजारांत आलें म्हणजे खऱ्या रुपयासही सराफ दगडावर वाजवून पाहतो, हें व्यापाऱ्यांस सांगावयास नको. म्हणून अभ्यासकेंद्र चालविणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयानें हे वर्ग आपल्या नेहमींच्या वर्गांइतकेच आपल्या अब्रूचे समजले पाहिजेत.

आतां आमच्या वाचकांचें कर्तव्य. पहिली विनंति पेढीवाल्यांस, दुकानदारांस आणि सातपूर-अंबडच्या कारखानदारांस. तुमच्या पदरीं जो मुनीम, जो कारागीर, जो सामान पोंचविणारा मुलगा या विद्यापीठांत नांव घालील, त्यास संपर्कवर्गाचा दिवस आणि परीक्षेचे दिवस मोकळे द्या, आणि त्या दिवसांचा पगार कापूं नका. यांत धर्मादाय नाहीं, शुद्ध व्यवहार आहे. शिकलेला माणूस हिशेबांत कमी चुकतो. दुसरी विनंति अशी कीं, नोकरीस माणूस घेतांना त्याची पदवी कोणत्या मार्गानें आली हें न पाहतां, त्यास काय येतें हें पाहा. प्रश्न विचारा, काम करून दाखवावयास सांगा. तेथें जो उतरेल त्यास घ्या. आणि तिसरी विनंति घरच्या कर्त्या पुरुषांस. आपल्या घरांतील ज्या सुनेचें किंवा बहिणीचें शिक्षण लग्नामुळें तुटलें, तिला या विद्यापीठाची वाट दाखविणें हें तुमचें काम आहे. ती विचारील तेव्हां पाहूं, असें म्हणून चालणार नाहीं.

१९९८ सालीं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठही नाशकासच आलें. अशा रीतीनें राज्यानें स्थापिलेलीं दोन विद्यापीठें या शहरांत नांदत आहेत, आणि दोन्हींचा अधिकार एका जिल्ह्यापुरता नसून अवघ्या महाराष्ट्रावर चालतो. 'नाशिक विद्यापीठ' या नांवाचें कांहीं नाहीं म्हणून हळहळणाऱ्यांनीं हें ध्यानांत आणावें. सारा महाराष्ट्र ज्या गांवाच्या नांवाचा शिक्का पाहून आपली पदवी घरीं नेतो, त्या गांवास निराळा मोठेपणा तो काय पाहिजे? मात्र तो शिक्का आधीं आपण स्वतः मानला पाहिजे. जी पदवी नाशकांत तुच्छ ठरेल ती गडचिरोलीस कोण मानील? गंगा आपल्या दाराशीं उगम पावली आहे. तिच्या पाण्यास पहिल्यानें हात जोडणें किंवा नाक मुरडणें हें आपल्याच हातीं आहे.