प्रोटॉन भिंतीला का धडकत नाहीत?

हेडफोन लावलेत ना? आज जाऊया जिनिव्हाजवळ, सर्नच्या एलएचसीमध्ये. 27 किलोमीटरचा गोल बोगदा, आणि त्यात प्रोटॉन सेकंदाला 11,245 फेऱ्या मारतात. झुंड दहा तास फिरली तर झाल्या 40 कोटी फेऱ्या! मग वाट चुकत कशी नाही?

मला आधी वाटायचं, चुंबकांनी वळवलं की झालं. पण तसं नाहीये. वळवणारे चुंबक वेगळे, झुंड आवळून धरणारे वेगळे. या दुसऱ्यांना म्हणतात क्वाड्रूपोल. यांची गंमत अशी, की आडव्या दिशेने आवळलं की उभ्या दिशेने झुंड फाकते. म्हणून एक असा, पुढचा उलटा, अशी रांग लावतात. गोळाबेरीज केली की दोन्ही दिशांनी झुंड आवळलेली राहते. ही युक्ती 1952 मध्ये ब्रुकहेवनच्या शास्त्रज्ञांनी मांडली.

तरी प्रोटॉन सरळ रेषेत जात नाही, मधल्या वाटेभोवती डुलत जातो. एका फेरीत तो किती वेळा डुलतो, त्या आकड्याला म्हणतात ट्यून. एलएचसीच्या मूळ डिझाईनमध्ये आडवा ट्यून 64.31 आणि उभा 59.32.

आता महत्त्वाचं आहे ते दशांश चिन्हानंतरचं. समजा ट्यून बरोब्बर 64 असता. एखाद्या चुंबकात बारीकशी चूक असतेच. प्रोटॉन दर फेरीला तिथे डुलण्याच्या त्याच टप्प्यावर पोचला असता आणि तोच धक्का खाल्ला असता. झोक्याला दर वेळी नेमक्या क्षणी ढकललं की तो कसा वर वर जातो, तसंच. काही फेऱ्यांत प्रोटॉन थेट भिंतीवर! 64.31 मुळे धक्का दर वेळी वेगळ्या टप्प्यावर बसतो, कधी पुढे, कधी मागे, आणि परिणाम साचत नाही. अर्धा, एक-तृतीयांश असे सोपे अपूर्णांकही याच कारणाने टाळतात.

एवढी काळजी का? डिझाईननुसार एका झोतात सुमारे 360 मेगाज्यूल ऊर्जा असते. जवळपास अर्धा टन तांबं वितळेल एवढी! म्हणून बोगद्यात हजारो डिटेक्टर पहारा देतात. गडबड दिसली की तीन फेऱ्यांच्या आत अख्खा झोत ग्राफाइटच्या ठोकळ्यात सोडून देतात.

म्हणजे बघा, 27 किलोमीटरचं यंत्र सांभाळतंय कोण? तर दशांश चिन्हानंतरचे दोन आकडे. भेटूया पुढच्या भागात!