घाटातले उकळते पाणी आणि सुझुकीची लहान मोटार

पनवेल हे मुंबई-पुणे रस्त्यावरचे जुने थांब्याचे गाव. गाव खाडीकाठी, म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटीला वसलेले. पुढे पळस्पे फाट्याला गोव्याचा रस्ता वेगळा होतो आणि पुण्याचा रस्ता खोपोलीकडे जातो. खोपोलीपर्यंत फारसा चढ नाही. त्यानंतर मात्र दहा-बारा किलोमीटरांच्या अंतरात बोरघाटाचा रस्ता आपल्याला सुमारे ५०० मीटर उंच खंडाळ्याच्या पठारावर नेऊन पोहोचवतो. चाकांच्या गाड्यांसाठी हा रस्ता १८३० मध्ये खुला झाला. बैलांना, घोड्यांना आणि नंतर मोटारींनाही त्याने सारखेच दमवले.

१९७०-८० च्या दशकांत उन्हाळ्याच्या सुट्टीत या घाटातून प्रवास केलेल्या वाचकांना एक दृश्य नक्की आठवेल. रस्त्याच्या कडेला ओळीने उभ्या असलेल्या फियाट आणि अॅम्बॅसिडर गाड्या, वर उचललेली बॉनेटे, मागच्या चाकाखाली लावलेले दगड, रेडिएटरमधून येणारी वाफ, आणि पाण्याचा डबा घेऊन उभे असलेले कुटुंबप्रमुख. पेट्रोलच्या पंपावर ओले फडके टाकणे हाही त्यातलाच एक विधी. तापलेल्या नळीत पेट्रोलचीच वाफ झाली, तर कार्बुरेटरकडे जाणारा पुरवठा तुटतो आणि इंजिन बंद पडते. फडक्यातले पाणी बाष्पीभवनाने पंप थंड करी.

डिसेंबर १९८३ मध्ये ‘मारुती ८००’ ही लहानशी गाडी रस्त्यावर आली. तिचे इंजिन होते ७९६ घन सेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे. फियाटचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, तर अॅम्बॅसिडरचे १४८९चे. लोकांनी या नव्या गाडीला ‘काड्यापेटी’ म्हटले. ही काड्यापेटी चार माणसे घेऊन घाट कसा चढणार, अशी अनेकांना शंका होती. प्रत्यक्षात अनुभव उलटा आला. उभ्या असलेल्या मोठ्या गाड्यांच्या बाजूने ती न थांबता वर जाऊ लागली. इंजिन लहान असून गाडी तापत कशी नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला नववी-दहावीच्या पुस्तकातले बरेचसे भौतिकशास्त्र भेटते, आणि थोडा जपानचा इतिहासही.

घाटाचे गणित

प्रथम चढण्याचे कार्य मोजू. फियाटचे (पुढे तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणत) वजन साधारण ९०० किलोग्रॅम. चार माणसे आणि सामान यांचे ३०० धरले, तर एकूण १२०० किलोग्रॅम. हे वस्तुमान ५०० मीटर उंच न्यायचे आहे. गुरुत्वत्वरण १० मीटर प्रतिसेकंद वर्ग धरल्यास,

१२०० × १० × ५०० = ६०,००,००० ज्यूल, म्हणजे ६००० किलोज्यूल.

पेट्रोल इंजिन इंधनातील ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचवते. म्हणजे केवळ उंची गाठण्यासाठी २४,००० किलोज्यूल ऊर्जेचे पेट्रोल जाळावे लागेल. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२,००० किलोज्यूल ऊर्जा असते. तेव्हा हे पेट्रोल पाऊण लिटर झाले. उरलेल्या १८,००० किलोज्यूलपैकी बराच भाग धुराड्यातून जातो. एकूण ऊर्जेच्या सुमारे ३० टक्के, म्हणजे ७२०० किलोज्यूल उष्णता सिलिंडरभोवती फिरणाऱ्या पाण्यात येते.

ही उष्णता किती, याचा अंदाज यावा म्हणून समजा की रेडिएटर हवेला काहीच उष्णता देत नाही. इंजिनात ६ लिटर पाणी आहे आणि त्याचे तापमान ३० अंश सेल्सिअस आहे. ते १०० अंशांपर्यंत तापवायला ६ × ४.२ × ७० = १७६४ किलोज्यूल पुरतात. म्हणजे घाटाचा चौथा हिस्सा चढताच पाणी उकळू लागेल. उरलेले सुमारे ५४०० किलोज्यूल त्याची वाफ करण्यात जातील. पाण्याचा बाष्पनाचा अप्रकट उष्मा किलोग्रॅमला २२६० किलोज्यूल असतो. यावरून खंडाळ्याला पोहोचेपर्यंत २.४ लिटर पाण्याची वाफ झालेली असेल. डबा घेऊन उभे असलेले गृहस्थ नेमकी हीच तूट भरून काढत असत!

खरा रेडिएटर अर्थातच उष्णता हवेला देतो. ट्रकांच्या मागून हळूहळू जाताना घाटाला अर्धा तास लागला, तर ७२०० किलोज्यूल १८०० सेकंदांत बाहेर टाकायचे, म्हणजे दर सेकंदाला ४ किलोज्यूल. दोन किलोवॉटचे दोन गीझर सतत चालू ठेवावेत तेवढी ही उष्णता.

येथे एक चौकस विद्यार्थी विचारील, की सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जातानाही इंजिन पुष्कळ उष्णता निर्माण करते. मग पनवेल ते खोपोली गाडी का तापत नाही? याचे कारण वारा. वेगाने जाताना रेडिएटरच्या जाळीतून भरपूर हवा आपोआप वाहते. घाटात वेग ताशी २० किलोमीटरांवर येतो आणि हा फुकटचा वारा थांबतो. शिवाय मे महिन्यात खोपोलीची हवाच ३५-४० अंशांची असते. न्यूटनच्या शीतलीकरणाच्या नियमानुसार उष्णता जाण्याचा दर दोन तापमानांतील फरकावर अवलंबून असतो, आणि तो फरकही येथे कमी झालेला असतो.

लहान गाडीची तीन उत्तरे

आता मारुती ८००कडे वळू. तिचे पहिले उत्तर वजनाचे. ती साधारण ६५० किलोग्रॅमची. तीच चार माणसे आणि तेच सामान धरून ९५०. तिला घाट चढायला ४७५० किलोज्यूल पुरतात, म्हणजे फियाटपेक्षा पाचव्या हिश्शाने कमी. त्याच प्रमाणात पाण्यात येणारी उष्णताही कमी. इंजिन लहान की मोठे यापेक्षा त्याला किती ओझे ओढायचे आहे हे महत्त्वाचे.

दुसरे उत्तर पंख्याचे. जुन्या गाड्यांत इंजिन लांबीच्या दिशेने उभे बसवलेले असे आणि रेडिएटरमागचा पंखा पट्ट्याने इंजिनलाच जोडलेला असे. गाड्यांच्या रांगेत इंजिन मंद फिरू लागले की पंखाही मंदावे, म्हणजे ज्या क्षणी वाऱ्याची सर्वांत जास्त गरज त्याच क्षणी तो सर्वांत कमी. मारुतीचे इंजिन आडवे बसवलेले होते. त्यामुळे पट्ट्याने पंखा फिरवणे सोयीचे नव्हते आणि पंख्याला स्वतःची विजेची मोटार द्यावी लागली. पाण्याचे तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की एक स्विच ही मोटार चालू करतो. मग इंजिन मंद असो वा जलद, पंखा आपल्या पूर्ण वेगाने फिरतो. जागा वाचवण्यासाठी केलेली रचना घाटात अशी उपयोगी पडली.

तिसरे उत्तर झाकणाचे. रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरच्या झाकणासारखे काम करते. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जवळजवळ एका वातावरणाने वाढू दिला, तर पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. खंडाळ्याला हवेचा दाब कमी असल्याने उघडे पाणी ९८ अंशांनाच उकळते, हे लक्षात घेतले म्हणजे या वीस अंशांचे मोल कळेल. जुन्या गाड्यांच्या झाकणांत हा दाब कमी असे, आणि रबर झिजले की तोही टिकत नसे. शिवाय उतू गेलेले पाणी रस्त्यावर सांडून जाई. नव्या गाडीत ते प्लॅस्टिकच्या बाटलीत जमा होई आणि इंजिन थंड झाल्यावर परत रेडिएटरमध्ये खेचले जाई. पाण्यात इथिलीन ग्लायकॉलयुक्त कूलंट मिसळल्यास उत्कलनबिंदू आणखी काही अंशांनी वाढतो.

देखभाल नसेल तर हे तिन्ही उपाय व्यर्थ ठरतात, हेही सांगायला हवे. जाळीत चिखल साचलेली मारुतीही घाटात उकळत असे, आणि नीट राखलेली फियाट न थांबता लोणावळ्याला पोहोचत असे.

हाकोनेचा घाट

ही हलकी, आडव्या इंजिनाची गाडी कोठून आली? जपानमधील हामामात्सु येथे मिचिओ सुझुकी यांनी १९०९ मध्ये हातमाग-यंत्रमाग बनवण्याचा कारखाना काढला. १९३७ मध्ये त्यांनी मोटारीचे प्रयोग सुरू केले, पण युद्धामुळे ते थांबले. १९५२ मध्ये कारखान्याने ३६ घन सेंटिमीटरचे इंजिन जोडलेली सायकल बाजारात आणली. युद्धानंतरच्या जपानमध्ये पेट्रोल, पोलाद आणि पैसा या तिन्हींची टंचाई होती. सरकारने अगदी लहान मोटारींचा एक स्वतंत्र वर्ग ठरवून त्यांना करात सवलत दिली. अट एवढीच, की गाडीची लांबी-रुंदी आणि इंजिनाचे आकारमान मर्यादेत हवे. १९५५ मध्ये ही इंजिनमर्यादा ३६० घन सेंटिमीटर होती. १९७६ मध्ये ती ५५० आणि १९९० मध्ये ६६० झाली.

या मर्यादेत चार माणसे बसवायची तर इंजिनाला कमीत कमी जागा द्यावी लागते. सुझुकीने ऑक्टोबर १९५५ मध्ये आणलेल्या ‘सुझुलाइट’ मोटारीत इंजिन पुढेच ठेवून पुढचीच चाके फिरवली. त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा गेला, वजन घटले आणि बसायला जागा झाली. या गाडीचे नमुने १९५४ मध्ये टोकियोतील मोटार-व्यापारी जिरो यानासे यांना दाखवायचे ठरले. हामामात्सुहून टोकियोला जाताना हाकोनेचा घाट लागतो; तो आठशे मीटरहून उंच आहे आणि त्या काळी रस्ता खडीचा होता. वाटेत बिघाड होत गाड्या रात्री उशिरा पोहोचल्या, तरी यानासे वाट पाहत थांबले होते. म्हणजे या घराण्यातील मोटारींची पहिली मोठी परीक्षाही घाटातच झाली.

भारत सरकारने फेब्रुवारी १९८१ मध्ये मारुती उद्योग ही कंपनी स्थापन केली आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये सुझुकीशी करार केला. जपानी लहान गाडीच्याच सांगाड्यात निर्यातीसाठी तयार केलेले ७९६ घन सेंटिमीटरचे इंजिन भारतासाठी घेतले गेले. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला किल्ली देण्यात आली. २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत या गाड्या २५ लाखांहून अधिक झाल्या.

हलकेपणाची किंमत

विज्ञानात फुकट काही मिळत नाही. ज्या हलकेपणाने घाट सोपा केला, त्याचेच उलटे परिणामही मालकांनी अनुभवले. मोकळ्या रस्त्यावर शेजारून बस गेली की गाडी हलल्यासारखी वाटे. चढावर गाडीचा भार मागच्या चाकांकडे सरकतो. त्यामुळे ओल्या, तीव्र चढावर फिरणारी पुढची चाके घसरू शकतात. सर्वांत गंभीर बाब अपघाताची. संवेगाच्या अक्षय्यतेच्या नियमानुसार जड वाहनाशी टक्कर झाली, तर हलक्या वाहनाच्या वेगात होणारा बदल जास्त असतो, आणि पातळ पत्र्याची पुढची बाजू तो धक्का फारसा शोषत नाही. जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतातील काही लहान गाड्यांच्या धडक-चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मारुती ८००ची वारस असलेल्या अल्टो ८००ला त्यात प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. इतर कंपन्यांच्या लहान गाड्यांचीही गत तीच झाली. त्यानंतर नियम कडक झाले आणि २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. सुरक्षिततेच्या साधनांनी वजन वाढते, आणि घाटाचे गणित पुन्हा नव्याने मांडावे लागते.

वर्गात आणि रस्त्यावर

दाब आणि उत्कलनबिंदू यांचा संबंध वर्गात सहज दाखवता येतो. सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये सुमारे ७० अंशांचे थोडे पाणी घ्यावे, तोंड बोटाने घट्ट बंद करून दट्ट्या मागे ओढावा. दाब कमी होताच पाणी उकळू लागते. दट्ट्या सोडला की उकळणे थांबते.

याच तत्त्वावर एक सूचना आधारलेली आहे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही लगेच उघडू नये. आत ६ लिटर पाणी ११५ अंशांना आहे असे समजा. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो आणि पाणी १०० अंशांवर यायला धावते. सुटणारी ६ × ४.२ × १५ = ३७८ किलोज्यूल उष्णता सुमारे १७० ग्रॅम पाण्याची वाफ करते. ही वाफ अडीचशे लिटरांहून अधिक जागा व्यापते आणि उकळत्या पाण्यासह तोंडावर येते. घाटात गाडी तापलीच, तर ती कडेला सुरक्षित जागी घ्यावी, इंजिन बंद करावे, अर्धा-पाऊण तास थांबावे, आणि मग जाड फडके धरून झाकण हळूहळू सैल करावे. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणीही ओतू नये. असमान आकुंचनाने धातूला तडा जाण्याची भीती असते.

ज्यांच्या शाळेजवळ गॅरेज आहे अशा शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एखाद्या थंड गाडीचे झाकण, त्यातील स्प्रिंग आणि रबर जरूर दाखवावे. झाकणावर छापलेला दाबाचा आकडा वाचून, त्या दाबाला पाणी किती अंशांना उकळेल हे तक्त्यावरून काढायला सांगावे, आणि वरचे गणित आपल्या घरच्या वाहनासाठी, आपल्या जवळच्या घाटासाठी करायला द्यावे. कशेडी, आंबा, कसारा, फोंडा: महाराष्ट्रात घाटांची वाण नाही.