वरून चकचकीत, खालून कुजके!

मोटारीमागे जोडून न्यायच्या 'एअरस्ट्रीम' नावाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या फिरत्या घरांना अमेरिकेत जुनी झाली तरी मागणी असते. १९५२ पासून ती ओहायो राज्यातल्या जॅक्सन सेंटर गावी बनतात. १९६९ साली चंद्रावरून परतलेल्या अंतराळवीरांना अशाच एका घरात बदल करून वेगळे ठेवले होते.

जुने घर घेणारे जाणते गिऱ्हाईक पत्र्याची चमक बघत नाही, आधी खाली वाकते. पत्रा टिकतो, पण तळाला प्लायवूड आणि त्याखाली लोखंडी चासी. खिडकीचे रबर वाळले, रिवेट ढिले झाले की पाणी दोन पत्र्यांमधून गुपचूप तळाला उतरते. प्लायवूड कुजते, चासी गंजते.

तपासणी सोपी आहे. दाराशी, कोपऱ्यांत आणि मागच्या बाजूला टोच्या टोचून पाहायचा. आत रुतला तर फळी गेली. मग मागच्या बंपरवर उभे राहायचे. बंपर दबला आणि पत्रा जागीच राहिला, तर दोघांचा जोड सुटला समजायचे. तिथे खर्च मोठा.

दुरुस्तीलाही क्रम आहे. आधी गळती बंद, मग वेल्डिंग, मग नवी फळी. पॉलिश सर्वांत शेवटी. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम टेकतात तिथे मध्ये रबर किंवा रंगाचा थर हवा. नाहीतर ओलीने अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते.

शेतकरी बंधूंनो, जुनी ट्रॉली घेताना आपणही हेच करावे. ताज्या रंगाला भुलू नका. खाली वाका, चासीचे जोड बघा, मगच इसार द्या.