हाफ-बॅक फ्रँको

परवा माझा नातू शाळेतून फुरंगटून घरी आला. “आबा, मास्तरांनी मला हाफ-बॅक केलं. आता गोल कसा मारू?”

आमची वणी म्हणजे निर्गुडेच्या काठचे गाव. इथे वेड हुतूतूचे आणि कुस्तीचे. तरीही शाळेत असताना मी हाफ-बॅकच खेळलो होतो. वाचकहो, हाफ-बॅक म्हणजे एकत्र कुटुंबातली थोरली सून! राबायचे तिने, कौतुक मात्र गोल मारणाऱ्या दिराचे.

मी त्याला फॉर्चुनातो फ्रँकोची हकीगत सांगितली. हा बार्देशातल्या कोलवाळचा, जन्म १९३७ चा. मुंबईत टाटांच्या संघात नावारूपाला आला. १९६० साली रोम ऑलिंपिकच्या भारतीय चमूतही होता. पुढे ४ सप्टेंबर १९६२ ला जाकार्तात आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना झाला. इस्रायल आणि तैवान यांना वगळल्याबद्दल भारतीय प्रतिनिधीने आक्षेप घेतलेला. त्यामुळे सारे मैदान आपल्याविरुद्ध गर्जत होते. रहीमसाहेबांच्या संघाने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले! गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांचे. फ्रँको मधल्या फळीत झुंजत होता. त्यानंतर ते सुवर्णपदक आपल्याला पुन्हा मिळालेले नाही.

१० मे २०२१ रोजी फ्रँको गेला. चौकातल्या चहाच्या दुकानात मी बातमी सांगितली, तर लोकांनी विचारले, “कोण हो हा?”

नातू क्षणभर गप्प राहिला. मग बूट शोधू लागला.