एका बाइटचा हिशेब

इंटेलच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ब्रेकपॉइंट लावला की डीबगर काय करतो, हे अगदी जवळून पाहण्यासारखं आहे. समजा, एका फंक्शनची पहिली आज्ञा मेमरीत ४०११३६ या पत्त्यावर आहे. हेक्समध्ये ती एकाच बाइटची, ५५. अर्थ असा, की आरबीपी रजिस्टरमधली किंमत स्टॅकवर ठेव. डीबगर हा ५५ आपल्याकडे जपून ठेवतो आणि त्याच्या जागी सीसी हा बाइट लिहितो. सीसी म्हणजे ‘थांब आणि वर्दी दे’. प्रोसेसर तिथे पोचतो आणि थांबतो, पण पुढच्या आज्ञेचा पत्ता धरणारा प्रोग्रॅम काउंटर दाखवतो ४०११३७. इंटेलच्या लेखी सीसी ही आज्ञा पार पडली, म्हणून काउंटर एक घर पुढे गेला. आता डीबगरने ५५ जागेवर ठेवला, पण काउंटर एकने मागे घ्यायचा राहून गेला, तर प्रोग्रॅम लगेच कोसळत नाही. पुढची आज्ञा वैधच असते; ती चालते आणि फंक्शन आपलं काम उरकतं. घोळ होतो तो शेवटी. स्टॅकवर जी किंमत ठेवलीच नव्हती ती उचलायला जाताना हाती परतीचा पत्ता लागतो, आणि परत फिरण्याची आज्ञा भलतीकडेच उडी मारते. चूक शोधायला आणलेल्या हत्यारानेच नवी चूक पेरलेली असते.

चौसष्ट बिटांच्या आर्मवर हीच वजाबाकी केली तर उलटा अनर्थ होईल, कारण तिथे ब्रेकपॉइंटची आज्ञा लागल्यावर काउंटर तिच्यावरच उभा असतो. मग ‘इंटेल असेल तर एक वजा कर’ असं लिहून मोकळं का होऊ नये? एका जागी लिहायचं असतं तर तेही चाललं असतं. पण थांबल्यानंतर काउंटर वाचणाऱ्या जागा अनेक असतात, आणि प्रत्येक ठिकाणी प्रोसेसरचं नाव विचारत बसलं की नवा प्रोसेसर आल्यावर सगळ्या जागा धुंडाळाव्या लागतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेला जीडीबी हा डीबगर पुढे अनेक प्रोसेसरांवर गेला, आणि त्यात यासाठी जीडीबीआर्च नावाची व्यवस्था रुजली. तिथे सामायिक कोड प्रोसेसरचं नाव विचारत नाही, नेमका प्रश्न विचारतो: ब्रेकपॉइंटनंतर काउंटर कितीने मागे घ्यायचा? इंटेलचं उत्तर १. ज्याने काहीच सांगितलं नाही त्याचं ० धरलं जातं. माझं म्हणणं असं, की या कामातलं खरं कौशल्य उत्तर लिहिण्यात नसून प्रश्न नेमका ओळखण्यात आहे. ‘सगळे प्रोसेसर असंच करतात’ असं जे धरून चाललो होतो, ते तसं नाही, याची प्रत्येक प्रश्न ही कबुली असते.

यावर पहिला आक्षेप असा, की मग सगळे फरक एका तक्त्यात भरले की काम संपलं. पण फरक दरवेळी आकड्यात मावत नाही. पॉवरपीसीवर सामायिक मेमरीतली किंमत सुरक्षितपणे बदलायची तर एक आज्ञा ती वाचताना त्या जागेवर जणू राखीव पाटी लावते, आणि दुसरी आज्ञा पाटी शाबूत असेल तरच नवी किंमत लिहिते. नसेल तर प्रोग्रॅम पुन्हा वाचण्यापासून सुरुवात करतो. डीबगरने अशा जागी एकेक आज्ञा चालवली तर दर थांब्याला मधे ऑपरेटिंग सिस्टिम येते आणि पाटी पुसली जाते. लिहिणं कधीच साधत नाही, प्रोग्रॅम जागच्या जागी गोल फिरत राहतो. म्हणून जीडीबी पुढची आज्ञा कोणती ते आधी वाचतो. ती पाटी लावणारी असेल तर पुढच्या १६ आज्ञांच्या आत लिहिणारी शोधतो आणि तिच्या पलीकडे तात्पुरता ब्रेकपॉइंट लावून सगळा गट एका दमात पार करतो. ‘पुढचं पाऊल कुठे पडेल?’ या प्रश्नाचं उत्तर इथे एक किंमत नसून एक अख्खं फंक्शन असतं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. आता बाजारात मुख्यतः इंटेलच्या वळणाचं आणि आर्मचं अशी दोनच घराणी उरली, मग एवढा पसारा कशाला? पण एका घराण्यातही एकवाक्यता नाही. आर्मच्या थंब पद्धतीत दोन आणि चार बाइटांच्या आज्ञा शेजारी शेजारी नांदतात. दोन बाइटांच्या आज्ञेवर चार बाइटांचा ब्रेकपॉइंट लिहिला तर शेजारची आज्ञाही मारली जाते. आणि २०१० मध्ये बर्कलीला सुरू झालेल्या रिस्क-फाइव्हमध्येही दोन्ही लांबीच्या आज्ञा, म्हणून ब्रेकपॉइंटही दोन मापांचे. प्रश्न आधीच नीट मांडलेला असल्याने नवख्याला फक्त आपलं उत्तर द्यावं लागतं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: सी भाषेत लिहिणाऱ्याला प्रोसेसरच्या लहरींशी काय देणंघेणं? त्या लपवणं हेच डीबगरचं काम नाही का? बहुतेक वेळा, हो. इंटेलवर एक वजा केल्यानंतर वापरणाऱ्याला मागितलेलाच पत्ता दिसतो. पडद्यामागचा हिशेब त्याला सांगण्याची गरज नाही. मिप्सवर मात्र उडी मारायला सांगणाऱ्या आज्ञेच्या लगेच पुढची आज्ञा उडी पुरी होण्याआधी चालते, आणि तिच्यावर अडथळा आला तर प्रोसेसर पत्ता सांगतो तो मागच्या उडीच्या आज्ञेचा. तिथे ब्रेकपॉइंट मागितला तर जीडीबी तो उडीच्या आज्ञेवर सरकवतो. पण गुपचूप नाही. या पत्त्यावरून त्या पत्त्यावर हलवला, अशी दोन्ही पत्ते देऊन ताकीद छापतो. माणसाने जे मागितलं तेच त्याला मिळत असेल तर फरक लपवावा, वेगळं मिळणार असेल तर सांगावा. एकीकडे मुकाट्याने केलेली वजाबाकी आणि दुसरीकडे छापलेली ही एक ओळ, दोन्ही त्याच नियमाने योग्य ठरतात.