वरची आच

माझ्या सातव्या वाढदिवसाच्या कृष्णधवल फोटोत टेबलावर जो केक दिसतो, तो खरं तर केकचा तळ आहे. कुकरमध्ये वाळू घालून भाजलेला केक वरून पांढराफटक राहायचा. म्हणून आई तो ताटात उपडा करायची आणि खालची तांबूस बाजू वर आणायची. सत्तरच्या दशकातले घरोघरचे अल्बम काढून बघा, निम्म्या महाराष्ट्राने वाढदिवसाला केकचा तळच कापलेला असणार.

कारण साधं होतं. आपली चूल, शेगडी, स्टोव्ह, गॅस, सगळ्यांची आच खालून. उकडा, तळा, परता, तव्यावर शेका, भांड्याच्या बुडाशीच सगळा कारभार. केकला मात्र वरूनही धग लागते. घरच्या बेकिंगची गेली पन्नास-साठ वर्षं आठवायला बसलं, की मला ती या वरच्या आचेच्या मागे केलेली पायपीटच वाटते.

वरची आच आपल्याला ठाऊक नव्हती असं नाही. रत्नागिरीकडे आजी श्रावण-भाद्रपदात तवसाचं धोंडस करायची. पिकलेलं तवसं, म्हणजे मोठी काकडी, किसायचं, त्यात भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं घालून शिजवायचं, जाड बुडाच्या पातेल्यात हळदीची पानं अंथरून त्यावर ओतायचं, आणि मग पातेल्याखाली मंद निखारे, झाकणावरही निखारे. सीकेपी घरांत श्रावणात होणारं निनाव हेही त्याच कुळातलं. बेसन, कणीक, गूळ, नारळाचं दूध, जायफळ, आणि वर-खाली आच. गोव्यातली बेबिंक तर सगळी वरच्या आचेवरच उभी. नारळाचं दूध, अंड्यांचा बलक, साखर, थोडा मैदा यांचं सरसरीत पीठ डावभर ओतायचं, वरच्या निखाऱ्यांनी तो थर तांबूस झाला की त्यावर तूप आणि पुढचा डाव. सात थर म्हणजे सात वेळा झाकण उघडायचं आणि सात वेळा धूर खायचा. 2023 मध्ये बेबिंकला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती ते तापलेलं झाकण चिमट्याने उचलणारी बाई.

शहरात आल्यावर निखारे सुटले. वाड्यात स्टोव्ह, नंतर गॅस. वरची आच मग उसनी आणावी लागली, ती बेकरीतून.

दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात नानकटाई घालायला जायचं, म्हणजे डालड्याचे पिवळे डबे, परात आणि घरातलं एक चळवळं पोर एवढा लवाजमा निघायचा. सामान आपलं, भट्टी बेकरीवाल्याची, आणि किलोमागे ठरलेली भाजणावळ. तूप आणि पिठीसाखर आई घरीच परातीत तळहाताने फेसून न्यायची. पंधरा-वीस मिनिटं गोल गोल हात फिरवल्यावर पिवळसर तूप पांढरं आणि हलकं व्हायचं. झालं की नाही ते बघायला वाटीभर पाण्यात त्याची गोळी टाकायची. तरंगली तर झालं, बुडाली तर पुन्हा हात चालवायचा. मला आजही ही परीक्षा कुठल्याही विजेच्या बीटरपेक्षा खात्रीची वाटते, कारण तुपात हवा शिरली की नाही एवढंच ती विचारते, आणि नानकटाई खुसखुशीत होणं त्याच हवेवर अवलंबून असतं. मैदा, थोडा रवा, थोडं बेसन बेकरीत गेल्यावर मिसळायचं. मग काळ्या पत्र्यांवर गोळे मांडायचे. एका वेळी पाच-सहा घरांचे पत्रे भट्टीत जायचे, म्हणून खूण लागे. कुणाच्या नानकटाईवर चारोळी, कुणाच्यावर वेलदोड्याचा दाणा. आमच्या टोपणाच्या गोल ठशाच्या असत. भट्टीवाला लांब दांड्याच्या फावड्याने पत्रा आत सरकवायचा आणि घड्याळाकडे न बघता बरोबर वेळी बाहेर ओढायचा. तो केवळ वासावर चालायचा. गरम नानकटाईला हात लावला की आई ओरडायची, कारण ती गार होईपर्यंत भुसभुशीत असते, बोट लागलं की ढासळते.

एका वर्षी आमचा एक पत्रा दुसऱ्याच कुणाच्या डब्यात गेला आणि आमच्याकडे चारोळीवाल्या आल्या. आईने त्या पाहुण्यांना दिल्या, घरात कुणाला खाऊ दिल्या नाहीत. “कुणाच्या हातचं तूप, कोण जाणे,” म्हणाली.

बाजारात तयार केक होताच. मुंबईत ग्रँट रोडला 1914 पासूनच्या मेरवानचा मावा केक, पुण्यात कॅम्पातली कयानी बेकरी 1955 ची. पण तो विकतचा खाऊ, मुंबई-पुण्याला गेलं की आणायचा. घरात केक करणं हा वेगळा पराक्रम होता.

त्यासाठी पुढे गोल ओव्हन आला. ॲल्युमिनियमचं पसरट भांडं, झाकणाला मध्ये काचेची टिकली, आणि आमच्या ओव्हनला तरी कॉइल झाकणाच्या पोटात. वरची आच घरात आली खरी, पण आता खालची नव्हती! वरून खरपूस आणि तळाशी ओलसर. त्यावर उपाय म्हणून अर्ध्यात केक काढून तव्यावर ठेवायचा. आख्ख्या वाड्यात एकच ओव्हन, तोही मंगळवारी एकीकडे तर गुरुवारी दुसरीकडे. एका पाडव्याला मी तो लावला, त्याच वेळी शेजारी कुणीतरी इस्त्री लावली, आणि जुन्या वायरींनी मान टाकली. फ्यूज बदलेपर्यंत अर्धा तास गेला. अर्धवट फुगलेला केक खाली बसला तो पुन्हा उठला नाही. सोड्यातला वायू एकदा निघून गेला की गेला, हे विज्ञान मी त्या अंधारात शिकले.

म्हणूनच बहुतेक जणी कुकरकडे परतल्या. शिट्टी आणि रिंग काढायची, तळाशी चाळलेली वाळू नाहीतर जाडं मीठ, त्यावर जाळी, दहा मिनिटं तापवायचं, मग केकचं भांडं ठेवून मंद आचेवर पाऊण तास. वाळू पलीकडच्या बांधकामावरून यायची, ती विचारून आणली होती असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

दुसरी अडचण अंड्याची. आमच्या आळीत अंडं फेटायचं भांडं वेगळं आणि जागा गॅलरीतली. यातून सुटका केली ती मिल्कमेडच्या डब्याने. आटवलेल्या गोड दुधाने ओलसरपणा आणि गोडी दोन्ही दिलं, सोडा आणि बेकिंग पावडरने फुगवलं, आणि केक सोवळ्यातल्या आजीच्या पानापर्यंत पोचला. बेकिंग पावडरचा डबा बहुधा पुण्याच्याच वीकफिल्डचा असे. व्हॅनिला इसेन्सची बाटली एकदा आणली की तीन-चार वर्षं पुरायची, झाकण चिकटून बसायचं आणि दरवेळी दाराच्या बिजागरीत धरून उघडावं लागायचं.

मापांचा मात्र घोळ होता. मासिकांतल्या केकच्या कृती औंस-पौंडात. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ 1970 ला आली, तिने वाटी-चमच्याची सवय पक्की केली, आणि मग आमच्या आयांनी औंसांचं भाषांतर वाटीत करून टाकलं. कुणाची वाटी केवढी, हा प्रश्न कुणी विचारला नाही. त्यामुळे एकाच कृतीचा केक प्रत्येक घरी वेगळा व्हायचा आणि प्रत्येकीला वाटायचं की दुसरीने एखादी गोष्ट मुद्दाम सांगितली नाही.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत सुट्टीतले क्लास निघाले. कुणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजीवर पंधरा-वीस जणी, शंभर पानी वह्या, आणि आयसिंगचे गुलाब. ॲपल पायही शिकवत. तो मात्र आपल्याकडे रुजला नाही. एक तर पायच्या पारीला गारठा लागतो. आपल्या मे महिन्यात लोणी मळता मळता वितळतं आणि पारीचे पापुद्रे सुटतच नाहीत. दुसरं म्हणजे, पारीत गोड सारण भरायची हौस आपण करंजी आणि साटोरीत कधीच फेडून घेतलेली आहे.

मायक्रोवेव्हबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. त्यात केक पाच मिनिटांत होतो आणि दहाव्या मिनिटाला वातड होतो. खरा फरक ओटीजीने पडला. वर एक कॉइल, खाली एक, आणि समोर बटण. इतकी वर्षं जिच्यामागे धावलो ती वरची आच एका बटणावर आली आणि कुणी तिच्याकडे बघितलंही नाही. सगळ्या 180 अंशांवर लावून मोकळ्या.

मग 2020. चोवीस मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि मुलांचे वाढदिवस घरातच अडकले. बेकिंग पावडर दुकानांतून गायब. पार्ले-जीचा चुरा, दूध आणि इनोची पुडी यांचा केक गल्लोगल्ली झाला. इनोत सोडा आणि आम्ल दोन्ही असतात म्हणून ते चाललं, पण पुडी टाकल्याबरोबर भांडं तापलेल्या कुकरमध्ये जायला हवं. फोटो काढत बसलं की संपलं. आणि कित्येक घरांत पुन्हा तीच वाळू, तीच काढलेली शिट्टी, तोच उपडा केक.

त्यातूनच होम बेकर हा शब्द मराठीत घट्ट बसला. शंभर रुपयांत अन्न सुरक्षेची नोंदणी करून कितीतरी जणींनी ऑर्डरी सुरू केल्या. त्यांच्या कष्टांबद्दल आदर आहे, रात्री दोन वाजता क्रीम लावणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पण फॉन्डंटबद्दल नाही. दिसायला राजवाडा, खायला गोड माती. रसमलाई केकला मात्र माझी हरकत नाही, त्यात निदान कुणीतरी चवीचा विचार केलेला असतो.

बेकरीच्या भट्ट्याही आता बदलतायत. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. हवेचा विचार करता ते योग्यच. वासावर चालणाऱ्या भट्टीवाल्याने गॅसच्या भट्टीपुढे काय केलं असतं, असं मात्र मनात येतं.

गेल्या भाद्रपदात भाची तवसं घेऊन आली. ओटीजीत धोंडस करू म्हणाली. हळदीची पानं कुंडीतलीच होती. मिश्रण शिजलं, भांड्यात ओतलं, आणि तिने विचारलं, “मावशी, तापमान किती ठेवायचं?”

आजीचं तापमान करवंट्यांत असायचं. खाली चार करवंट्यांचे निखारे, झाकणावर सहा, आणि वास सुटला की वरचे दोन काढायचे. मी तेच सांगितलं. भाचीने खालची कॉइल कमी केली, वरची वाढवली आणि वहीत लिहिलं: खाली ४, वर ६, वास आल्यावर वर ४.